सोन्यावरचा खड्डा

सूक्ष्मदर्शक म्हणलं की लोकांना एक डोळा मिटून वरून बघायचं नळकांडं आठवतं. माझ्या वडलांनाही तेच आठवायचं. करमाळ्याहून फोन आला की पहिला प्रश्न, "आज काय दिसलं दुर्बिणीतून?" दुर्बीण वेगळी असते हे सांगून सांगून मी दमलो होतो. मग म्हणायचो, "आज जरा ढगाळ होतं."

आमच्या यंत्राला डोळा लावायला जागाच नव्हती. परळला एका जुन्या इमारतीच्या तळघरात माझ्यापेक्षा उंच असं स्टीलचं पिंप उभं होतं. पिंपात द्रवरूप हेलियम, हेलियमच्या तळाशी अंगठ्याएवढं यंत्र आणि त्या यंत्रात एक सुई. ही सुई बघत नाही, चाचपते. स्फटिकाच्या वर दोन-तीन अणू मावतील एवढीच फट ठेवून फिरते आणि त्या फटीतून इवलीशी वीज उडी मारते. फट कमी झाली की वीज वाढते, फट वाढली की वीज घटते. त्यावरून संगणक चित्र काढतो, की इथं उंचवटा, इथं खळगा, हा बघा अणू. अट एकच. सुई टेकवायची नाही.

सुई म्हणजे तरी काय, प्लॅटिनमची बारीक तार. ती आम्ही चक्क कटरनं कापायचो, कापता कापता ओढायची म्हणजे टोक येतं. जगातला सगळ्यात नाजूक प्रयोग, आणि सुरुवात नखं कापल्यासारखी. दहा तारा कापल्या की एखादी बरी निघायची.

आमचे स्फटिक अतिवाहक होते. म्हणजे भयंकर गार केले की त्यांच्यातून वीज काहीही न गमावता वाहते. काही पदार्थांत ती का वाहते हे नक्की माहीत आहे, काहींवर अजून भांडणं चालू आहेत. आमचा स्फटिक भांडणवाल्यांपैकी. सुई एका जागी थांबवून व्होल्टेज हळूहळू बदलत नेलं की आलेखात मधोमध एक खड्डा दिसायचा. तो खड्डा म्हणजे अतिवाहकाची सही. किती रुंद आहे त्यावरून पुढची सगळी विद्वत्ता. इंग्रजीत त्याला गॅप म्हणतात. पण आमच्या लॅबमध्ये सगळे खड्डाच म्हणायचे, कारण मामा खड्डो म्हणायचे.

मामा म्हणजे आमचे तंत्रज्ञ. राहायला लालबाग, गाव मालवणकडचं, हेलियम आणि नायट्रोजन भरण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस. भौतिकशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच की ते रोज त्याच्या शेजारी उभे असायचे. पण पिंपाला कान लावून हेलियम किती उरलंय ते सांगायचे, आणि मीटर नंतर त्यांच्याशी सहमत व्हायचा.

तिसरं माणूस म्हणजे मॅडम, माझ्या गाइड. त्या कधी ओरडल्या नाहीत. तुम्ही नाचत नाचत आलेख घेऊन गेलात की चष्मा काढायचा, ओढणीला पुसायचा, तुमच्याकडे न बघता म्हणायचं, "बरं. आणि हे कशावरून?" मग स्टूल पायानं मागं सारून उठायचं. त्या चार शब्दांनी माझी पाच वर्षं खाल्ली.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मला माणसांचे आवाज चिकटतात. शाळेत हेडमास्तरांचा काढायचो, एसटीच्या कंडक्टरचा काढायचो, एकदा तर हेडमास्तरांच्या आवाजात वर्ग सोडून दिला होता. मुंबईत आल्यावर पहिलं वर्ष मला कोणी विचारलं नाही. इंग्रजी बोलताना ततपप व्हायची. मग एके दिवशी चहाच्या टेबलावर मॅडमचं "हे कशावरून" काढलं, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली जाऊ लागली. विज्ञानात माझं काही होत नव्हतं, पण नक्कल हाऊसफुल्ल होती.

पाचवं वर्ष संपत आलं तेव्हा माझ्याकडे थिसिसमध्ये घालण्यासारखं एकच प्रकरण होतं, आणि तेही प्रस्तावना. नियम असा की पाच वर्षांनंतर मुदतवाढ हवी तर समितीपुढं काहीतरी नवीन ठेवायचं. ठेवलं तर एक वर्ष मिळतं, नाहीतर नमस्कार. स्फटिक उरले होते दोन. ते बनवणारी आमची सीनियर ताई परदेशी निघून गेली होती, भट्टी बिघडली होती, आणि ताईच्या वहीतलं अक्षर ताईलाच कळायचं.

आणि परळमध्ये मोजमाप करायचं म्हणजे शेजारच्या टॉवरला विचारून करायचं. जुन्या गिरणीच्या जागेवर पायलिंग चालू होतं. सोमवार ते शनिवार ठोकाठोक. आमच्या फटीपुढं तो भूकंपच. म्हणून आम्ही रविवारी काम करायचो. पायलिंगवाले सुट्टीवर, आम्ही कामावर.

तसल्याच एका रविवारी सकाळी मी दोनातला एक स्फटिक आत घातला. साबुदाणा चपटा केला तर जेवढा होईल तेवढा. त्याच्यावर आधीच एक छोटी काडी चिकटवलेली असते. पिंपाच्या आत, हवा काढून घेतलेल्या जागेत, गारठ्यात ती काडी ठोकून पाडायची. काडीबरोबर वरचा थर निघतो, खारी बिस्किटाचा पापुद्रा निघावा तसा, आणि खाली कोरा पृष्ठभाग मिळतो. त्याला अजून हवासुद्धा लागलेली नसते. निघाला तर निघाला. माझा निघाला.

त्याआधी मी टोकाला सोनं दाखवलं होतं. ही आमच्या लॅबची रीत. स्फटिकाशेजारी सोन्याचा एक तुकडा बसवलेला असतो. सोनं कितीही गार केलं तरी अतिवाहक होत नाही, त्यामुळे सोन्यावर खड्डा दिसता कामा नये. आलेख सरळ आला तर टोक स्वच्छ. कामाआधी एकदा दाखवायचं, काम झाल्यावर एकदा दाखवायचं. देवाला जाताना आणि येताना चप्पल बघतो तसं.

आधीचा आलेख सरळ आला. मग मी सुई स्फटिकावर नेली. अणू दिसायला लागले, जरा पुसट, पण ओळीत. अशा वेळी लॅबमध्ये बोलायचं नसतं. यंत्र आणि आम्ही यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती. मामा नायट्रोजन भरून बसले होते, त्यांना कंटाळा आला होता. एक चित्र काढायला अर्धा तास लागतो.

"बायचो आवाज काढ मरे जरा," मामा हळूच म्हणाले.

"मामा, स्कॅन चालूये."

"हळू काढ. कोण ऐकता?"

मी हळू काढला. चष्मा नव्हता, म्हणून मोबाइल शर्टाला पुसला. "बरं. आणि हे कशावरून?" मामा तोंडात रुमाल कोंबून हसायला लागले. प्रेक्षक हसला की मी थांबत नाही, हा माझा शाळेपासूनचा रोग. मी मॅडमसारखं स्टूल पायानं मागं सारलं आणि उठलो. स्टूल आडवं झालं. फरशीवर पडलं.

पडद्यावरची रेघ वर उडाली, खाली आपटली, परत जागेवर आली.

मामांनी रुमाल तोंडातून काढला. "काय झाला रे?"

"टेकली," म्हणलं.

टोक टेकलं की चित्र बिघडतं. दोन-दोन अणू दिसतात, ओळींचे फराटे होतात. मी जीव मुठीत धरून बघत होतो. चित्र आलं. आणि ते बिघडलेलं नव्हतं. आधीपेक्षा चांगलं होतं. अणू असे टिपून ठेवल्यासारखे.

"बरा इला की," मामा म्हणाले.

या धंद्यातला कुठलाही शहाणा माणूस तिथं थांबला असता. टोक आपटल्यावर चित्र सुधारलं तर टोकाला काहीतरी चिकटलंय असं समजायचं, हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवलं होतं. पण पाचव्या वर्षी माणूस शहाणा राहत नाही. मी आलेख घेतला. खड्डा आला. आणि तो असायला हवा त्याच्या जवळजवळ दीडपट रुंद होता.

मी वीस जागी आलेख घेतला, वीसही जागी तेच. दुपारपर्यंत हेलियम संपत आलं. सोनं परत दाखवायला अर्धा-पाऊण तास लागला असता. मी त्या वेळात अजून आलेख घेतले, मग खाली जाऊन दोन मिसळी खाल्ल्या. लॉगबुकात लिहिलं, स्कॅन उत्तम. स्टूल लिहिलं नाही.

सोमवारी मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. मी वाट बघत होतो. त्यांनी विचारलं, "सोनं दाखवलंस?"

"हो मॅडम."

खोटं नव्हतं. दाखवलंच होतं की.

त्यांनी चष्मा घातला आणि आलेखाकडे बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, हे कुणीच पाहिलेलं नाही." पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चहा पाजला.

पुढचे दोन महिने मी मोठा माणूस होतो. या पदार्थात आतला आणि पृष्ठभागावरचा व्यवहार वेगळा आहे असा पेपर मॅडमनी लिहिला आणि पाठवला. समितीला कळवलं की मुदतवाढीसाठी भक्कम कारण आहे. एका परिषदेत त्यांना व्याख्यान मिळालं. मी वडलांना सांगितलं, "आज दिसलं." ते म्हणाले, "काय?" मी म्हणलं, "ग्रह." ते खूष झाले, आणि गावात काय सांगत सुटले असतील याचा विचार मी केला नाही.

मग पेपर तपासणाऱ्यांपैकी एकानं कळवलं की मोजणीनंतरचा सोन्यावरचा आलेख जोडा. मॅडम म्हणाल्या, "दे रे तो." मी म्हणलं, "देतो."

तेच टोक अजून आत होतं, आम्ही पिंप उघडलंच नव्हतं. पुढचं हेलियम टेम्पोनं आलं, मामांनी भरलं, आणि रविवारी मी सुई सोन्यावर नेली. आता नंतरचा म्हणून हाच देऊ, सरळ रेघ तर यायचीय, असा हिशोब. व्होल्टेज फिरवलं.

मधोमध खड्डा होता. अरुंद, पण स्वच्छ.

मी जागा बदलली. खड्डा. परत बदलली. खड्डा. मामा मागं उभे होते. तीस वर्षं त्यांनी तो पडदा पाहिला होता.

"सोन्यार खड्डो खयसून इलो?" त्यांनी विचारलं.

सोन्याचा नव्हताच तो. सुईचा होता. त्या दिवशी सुई स्फटिकाला आपटली तेव्हा स्फटिकाचा कण तिच्या टोकाला चिकटला. मग सुईच अतिवाहक झाली. स्फटिकाचा एक खड्डा, सुईचा एक, दोन्ही मिळून एक रुंद खड्डा दिसत होता. कुणीच पाहिलेलं नाही असं मी पाहिलं, कारण स्टूल पाडून मोजणी कुणीच केली नव्हती.

मामांना एवढं समजावलं नाही. नुसतं म्हणलं, "त्या दिवशीचं स्टूल."

त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "माझ्या तोंडातसून काय भायर येवचा नाय, झिला. तुझा तू बघ."

मी बघितलं. संगणकात मोजणीआधीचा सरळ आलेख होता, त्याच दिवसाचा. मी त्याची प्रत काढली आणि नाव बदलून 'सोनं नंतर' असं ठेवलं. एवढंच करायचं होतं. पाच दिवस ती फाइल माझ्या पेनड्राइव्हवर होती आणि पेनड्राइव्ह माझ्या खिशात. मी चहाच्या टेबलावर जायचं बंद केलं. लोकांना वाटलं, मोठा झाला आता, भाव खातोय.

माझा विवेक जागा झाला वगैरे म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. शुक्रवारी मॅडमनी व्याख्यानाची तालीम म्हणून मला एकट्याला समोर बसवलं. आलेख दाखवला, आणि माझ्याकडे बघून हसून स्वतःच म्हणाल्या, "आणि हे कशावरून?" मग पुढच्या स्लाइडवर बोट ठेवलं. "याच्यावरून." तिथं रिकामी चौकट होती. "इथं तुझं सोनं येईल," त्या म्हणाल्या. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पेनड्राइव्ह खिशात होता. माझा हात खिशात गेलाच नाही. म्हणलं, "सोमवारी देतो."

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो, दादरला. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. आतल्या खोलीत सासूबाई होत्या, त्यांना कमी दिसायचं पण ऐकू चांगलं यायचं. आतून आवाज आला, "आज संकष्टी आहे हो. भाजीत कांदा नको."

मी उभ्या उभ्या सांगितलं. सोन्यावर खड्डा आहे. नंतर दाखवलं नव्हतं. टोक आपटलं होतं.

मॅडमचा मेथीवरचा हात थांबला नाही. "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू हो म्हणालास."

"आधी दाखवलं होतं मॅडम."

"मी आधीचं विचारलं होतं का?" काड्या एकीकडे, पानं एकीकडे. "टोक कशानं आपटलं?"

"स्टूल पडलं."

"मग लॉगबुकात का नाही लिहिलंस? स्टूल कुणाचंही पडतं."

मला दुसरं कारण सुचेना. म्हणलं, "मी तुमची नक्कल करत होतो. मामांना दाखवत होतो."

आता हात थांबला. "कर," म्हणाल्या.

"मॅडम..."

"कर ना. दोन महिने मी तिच्यावर जगभर बोलायची तयारी करतेय, मला बघू तर दे."

मी रिकाम्या हातानं नसलेला चष्मा पुसला. आवाज आला. नेहमी येतो तसाच, हुबेहूब. "बरं. आणि हे कशावरून?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "कॅलेंडरवरून गं. आणखी कशावरून असणार संकष्टी?"

कुणीच हसलं नाही. मॅडमनी मेथीचं ताट उचललं आणि म्हणाल्या, "छान करतोस." मग आत जाता जाता, "पेपर मागं घेतल्याची मेल मी आज करते. एक स्फटिक आहे ना अजून? समितीला तीन आठवडे आहेत."

मी जिना उतरलो. एरवी मी तो जिना उतरताना वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याशी भुंकून बोलायचो. त्या दिवशी तो एकटाच भुंकत राहिला.

शेवटचा स्फटिक मी आणि मामांनी असा बसवला, की बाळंतिणीची खोलीसुद्धा इतकी शांत नसेल. नवं टोक, चौदावी तार. स्टूलं सगळी बाहेर ठेवली, आम्ही जमिनीवर बसलो. मामांनी काडी ठोकली. पापुद्रा निघाला, आख्खा, आरशासारखा. सोनं आधी, सरळ. अणू आले, एकेक मोजून घ्यावा असे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर चित्र. आलेख घेतला, खड्डा आला. चाळीस जागी घेतला. सोनं नंतर, सरळ. सगळं लिहिलं, मामा किती वाजता शिंकले तेसुद्धा लिहिलं.

खड्डा अगदी तेवढाच होता जेवढा सगळ्यांना फार आधीपासून माहीत होता. ना केसभर जास्त, ना केसभर कमी.

"बरोबर इला मा?" मामांनी विचारलं.

"एकदम बरोबर."

"मगे तोंड असा कित्याक पाडलंस?"

चुकीचं आलं असतं तर शोधायला काहीतरी राहिलं असतं. हे बरोबर होतं आणि त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

समितीत तिघं होते. मी पंधरा मिनिटं बोललो. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. तिघांतल्या मधल्या सरांनी चित्राचं कौतुक केलं, खरंच केलं. मग विचारलं, "पण यात नवीन काय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं.

मी म्हणलं, "नवीन काही नाही सर."

त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. फार वेळ लागला नाही. मॅडमनी नंतर बाहेर येऊन सांगितलं की मास्टर्सची पदवी मिळेल, एवढं काम पुरेसं आहे. त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. मी थँक्यू म्हणलं आणि दोघंही जिन्यापाशी उगाच उभे राहिलो. मग त्यांचा फोन वाजला.

आता मी दादरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, तिसऱ्या मजल्यावर, खाली कंदिलांची आणि पणत्यांची दुकानं. पोरांना मी आवडतो. प्रिन्सिपॉलचा आवाज काढला की शेवटचा बाकसुद्धा जागा होतो. वडील विचारतात, परत दुर्बिणीवर कधी जाणार. मी सांगतो, बघू, जागा निघाली की. जागा निघणार नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही असावं, कारण हल्ली ते हा प्रश्न विचारून उत्तराआधीच आईकडे फोन देतात.

पुस्तकात अतिवाहकतेवर अर्धं पान आहे. गेल्या महिन्यात एका पोरीनं विचारलं, सर हे शिकवलं नाही तुम्ही. मी म्हणलं, त्याच्यावर प्रश्न येत नाही. क्लासच्या छापील यादीत ते पान वगळायच्या पानांत आहे. तिनं बरं म्हणून पानावर पेन्सिलीनं काट मारली, आणि आम्ही पुढच्या धड्याला लागलो.